४५ दिवस नेमके कुठून मोजायचे?

प्रश्न कराडजवळच्या एका तरुण फॅब्रिकेशन ठेकेदाराचा आहे. त्यांची चौदा माणसांची गँग आहे आणि ते स्ट्रक्चरचं काम मजुरीवर घेतात. एका मुख्य ठेकेदाराकडे मागच्या कामाचे ३ लाख ८० हजार चार महिन्यांपासून अडकलेत. आता तोच ठेकेदार साखर कारखान्यातलं ६० टनांचं शेड देतोय, २४ रुपये किलोनं, आणि म्हणतोय, ‘हे सुरू करा, जुनं पण काढून देतो.’ पेमेंटची अट अशी: बिल सर्टिफाय (तपासून मान्य) झाल्यापासून ४५ दिवस, ५ टक्के रिटेन्शन (बिलातून कापून मागे ठेवायची रक्कम), आणि सगळं बॅक-टू-बॅक (कारखान्याकडून त्यांना आले की तुम्हाला). हातात स्वतःचे तीन लाख आहेत, भाऊ दोन देईल. काम घ्यावं का?

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं शॉप आहे. नवरा साइट बघतो. बिलं, बँक आणि वसुली अठरा वर्षं माझ्याकडे आहे. वेल्डिंगचं मला विचारू नका, पण बिल कुठल्या टेबलावर का अडकतं हे मी सांगू शकते.

तुम्ही विचारलंय ‘४५ दिवस परवडतील का’. मी विचारीन, पहिला रुपया हातात येईपर्यंत माझे किती पैसे खाली गेलेले असतील? आमच्या घरात याला खड्डा म्हणतात. दर ठरवण्याआधी खड्डा काढायचा. नफा मिळणारी कामं घेऊनही बुडालेले लोक मी पाहिलेत. नफा कागदावर होताच, फक्त तो यायच्या आधी पगाराचा शनिवार यायचा.

तुमच्या आकड्यांवर खड्डा काढून बघू. चौदा माणसांत चार वेल्डर, तीन फिटर, बाकी ग्राइंडर-हेल्पर धरले तर हजेरी दिवसाला ११ हजारांच्या आसपास, म्हणजे आठवड्याला ६६ हजार. रॉड, गॅस, ग्राइंडिंग व्हील, खोलीभाडं, अधूनमधून हायड्रा (छोटी क्रेन), असं सगळं धरून आठवड्याला ९० हजार. मशिनं नेणं-आणणं, खोलीचं डिपॉझिट वगैरेला सुरुवातीलाच ४० हजार. तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, ते घाला. तेरा आठवड्यांत काम उरकलं तर खर्च १२ लाख १० हजार, ऑर्डर १४ लाख ४० हजार. सुटतात २ लाख ३० हजार. वाईट नाही.

आता कॅलेंडर घ्या. महिन्याअखेरीला बिल, म्हणजे ३०वा दिवस. जॉइंट मेजरमेंट (दोघांनी मिळून मोजमाप), साइट इंजिनिअरची सही, हेड ऑफिसची सही यात बारा दिवस गेले तर ४२वा. त्यापुढे ४५ म्हणजे ८७वा. आणि बहुतेक ऑफिसांत पेमेंट महिन्यातून ठरावीक दोनच तारखांना सुटतं, म्हणजे ९०वा दिवस धरा. तेरा आठवडे म्हणजे ९१ दिवस. थोडक्यात, शेवटचा नट आवळाल त्या आठवड्यात पहिल्या बिलाचे पैसे येतील, तेही सगळं सुरळीत झालं तर. तोवर १२ लाख १० हजार गेलेले.

त्यावर जीएसटी. पहिलं २० टनांचं बिल ४ लाख ८० हजारांचं, त्यावर १८ टक्क्यांनी ८६ हजार ४००. महिन्याअखेरच्या तारखेचं टॅक्स इन्व्हॉइस काढलंत तर ते पुढच्या २० तारखेला भरायचे, पैसे आलेले असोत वा नसोत. दुसऱ्या बिलाचेही तितकेच, तेही ९० दिवसांच्या आतच. म्हणजे आणखी पावणेदोन लाख. एकूण खड्डा पावणेचौदा-चौदा लाखांचा आणि तुमच्याकडे आहेत पाच. या अटींवर हे काम तुम्हाला झेपणार नाही, मग दर २४ असो की २६.

पण अटी हलतात. दर हलवण्यापेक्षा अटी हलवणं सोपं असतं, हे मला फार उशिरा कळलं. समजा १० टक्के अॅडव्हान्स मिळाला, बिल दर पंधरा दिवसांनी लावायचं ठरलं, आणि बिल त्यांच्या ऑफिसात इनवर्ड (आवक नोंद) झाल्यापासून २१ दिवसांत पैसे. मग पहिले पैसे ३६व्या दिवशी येतात. तोपर्यंत गेलेले ४ लाख ९० हजार, त्यातून अॅडव्हान्सचे १ लाख ४४ हजार वजा, म्हणजे खड्डा साडेतीन लाखांचा. पुढे दर पंधरा दिवसांनी अॅडव्हान्सची कपात, रिटेन्शन आणि टीडीएस जाऊन जीएसटीसह साधारण २ लाख ४५ हजार येत राहतात, आणि ५०व्या दिवशीचा जीएसटी धरूनही खड्डा चार लाखांच्या वर जात नाही. तेच काम आणि तोच दर, तरी हे पाच लाखांत बसतं. (मजुरीकामाच्या अॅडव्हान्सवरही जीएसटी लागतो, म्हणून अॅडव्हान्स ‘अधिक जीएसटी’ असाच मागा.)

कागदावर पाहायचा शब्द म्हणून ‘४५’ नाही, तर त्याच्या आधीचा ‘सर्टिफाय झाल्यापासून’. ते कधी होणार हे समोरच्याच्या हातात असतं. आमची एक हकिकत सांगते. नवीन होतो, नऊ लाखांचं बिल लावलं होतं. दीड महिन्यानं मी ऑफिसला फोन केला तर उत्तर आलं, ‘मॅडम, बिल आमच्याकडे आलंच नाही.’ शुक्रवारी मी स्वतः साइटवर गेले. साइट इंजिनिअरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये टेबलाच्या खणात आमचं बिल होतं, वर जेवणाचा डबा, आणि पहिल्या पानावर तेलाचा गोल डाग. माणूस वाईट नव्हता. मेजरमेंटच्या दोन ओळी जुळत नव्हत्या, विचारायचं राहून गेलं, एवढंच. पण आमचे ४५ दिवस सुरूच झाले नव्हते. त्या महिन्यात सोनंतारण करून पगार केले. वर्क ऑर्डरमध्ये ‘सर्टिफाय झाल्यापासून’ लिहिलं होतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

तेव्हापासून आमच्याकडे पोचवही आहे. बिलाच्या दोन प्रती जातात, एकीवर इनवर्डचा शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती परत येते. शिक्का नसेल तर माणूस तिथेच बसतो, चहा पितो, पण शिक्का घेतल्याशिवाय येत नाही. त्याच संध्याकाळी बिलाचा फोटो आणि मेजरमेंट शीट हेड ऑफिसला मेल. आणि वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ घालून घेतो: बिल मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते मान्य धरलं जाईल, आणि हरकत असेल तर तेवढीच रक्कम बाजूला ठेवून उरलेलं वेळेत द्यायचं. या ओळीला फारसं कोणी ‘नाही’ म्हणत नाही, कारण वाचताना ती निरुपद्रवी वाटते. तुमचे बारा-पंधरा दिवस मात्र तीच वाचवते.

मेजरमेंटसाठी महिनाअखेरची वाट बघू नका. आमचा फिटर रोज संध्याकाळी त्या दिवशी जोडलेल्या मेंबरचे (लोखंडी भागांचे) मार्क नंबर वहीत लिहितो आणि आठवड्यातून एकदा साइट इंजिनिअरची सही घेतो. बिलाच्या दिवशी वाद घालायला काही उरतच नाही.

बॅक-टू-बॅक, म्हणजे ‘कारखान्याकडून आले की देतो’. हे कलम पूर्ण काढून घेता येईल असं मी म्हणणार नाही, आम्हालाही प्रत्येक वेळी जमलेलं नाही. पण त्याला झाकण लावता येतं: ‘मालकाकडून पैसे आल्यावर किंवा बिल मिळाल्यापासून ४५ दिवसांत, यांतलं जे आधी असेल ते.’ ‘जे आधी’ हे दोन शब्द नसतील तर कारखान्याची जोखीम तुम्ही घेतलीत, आणि त्याचे पैसे २४ रुपयांत धरलेले नाहीत.

कारखाना म्हटला की त्याचं वर्षही बघा. तुमचं काम ऑफ-सीझनला, हंगाम सुरू व्हायच्या आधी. तेव्हा पट्टा, रोलर, बॉयलर सगळ्यांची दुरुस्ती एकदम चालू असते आणि तिजोरीत फारसं काही नसतं. हंगाम सुरू झाला की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी (उसाचा ठरलेला किमान दर) द्यायची, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असा नियम आहे. साखरही मनात आली तेव्हा विकता येत नाही, दर महिन्याचा विक्रीचा कोटा केंद्र ठरवतं. या रांगेत मुख्य ठेकेदाराचं बिल कुठे उभं असेल ते तुम्हीच सांगा, आणि तुम्ही त्याच्याही मागे. म्हणून ‘कारखाना देईल तेव्हा’ ही अट मी इतर मालकांपेक्षा कारखान्याच्या कामात जास्त घाबरून वाचते. कुठला कारखाना वेळेवर देतो आणि कुठला नाही, हे चहाच्या टपरीवरचे हायड्रावाले अचूक सांगतात. त्यांना विचारा.

आतापर्यंत इतकं धरा: आधी खड्डा, मग तारीख कुठून सुरू होते ते, मग ‘जे आधी’.

जीएसटीत थोडी सोय आहे, ती सीएला विचारून वापरा. आधी फक्त आरए बिल (चालू कामाचं बिल) आणि मेजरमेंट शीट द्यायची, टॅक्स इन्व्हॉइस मान्यता मिळाल्यावर काढायचं. टप्प्याटप्प्यानं चालणाऱ्या कामात इन्व्हॉइस कधी काढायचं हे करारातल्या पेमेंटच्या अटीवर ठरतं, म्हणून तसं वर्क ऑर्डरमध्ये लिहिलेलं हवं. आम्ही असंच करतो, त्यामुळे कमी पास झालेल्या बिलावर जादा कर भरून पुढे क्रेडिट नोटा काढत बसावं लागत नाही. उलाढाल पाच कोटींच्या आत असेल तर तिमाही रिटर्नची योजनाही बघा. त्यात पहिल्या दोन महिन्यांत २५ तारखेपर्यंत ठरावीक रक्कम भरायची सोय आहे, मागची तिमाही याच योजनेत असेल तर तेव्हा रोखीनं भरलेल्या कराच्या ३५ टक्के. काम अचानक वाढलेल्या तिमाहीत याचा चांगला उपयोग होतो. फक्त तिसऱ्या महिन्याला उरलेलं सगळं एकदम येतं, ते विसरायचं नाही.

आता कायदा. उद्यम नोंदणी केलीय का? नसेल तर आजच करा, फुकट होते. गुंतवणूक अडीच कोटींच्या आणि उलाढाल दहा कोटींच्या आत असेल तर तुम्ही सूक्ष्म उद्योगात बसता. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही, लेखी काही नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. एमएसएमईच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करून प्रकरण फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (असे वाद सोडवणाऱ्या सरकारी समितीकडे) नेता येतं. ऐकायला छान वाटतं. अडचण अशी की वर्क्स कॉन्ट्रॅक्टला (माल आणि मजुरी एकत्र असलेल्या कामाला) हा कायदा लागत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. तुमचं निव्वळ मजुरीकाम त्यात येतं की नाही हे तुमच्या ऑर्डरच्या भाषेवर ठरेल, ते वकिलाला दाखवा. मी स्वतः चालू गिऱ्हाइकावर कधी केस घातलेली नाही. एकदा नुसतं पत्र दिलं, व्याजाचा हिशेब जोडून. तीन आठवड्यांत मुद्दल आलं, व्याज आलं नाही, आणि त्या पार्टीचं पुढचं कामही आलं नाही. दोन्हींची मला खंत नाही.

त्यापेक्षा करामुळे बसणारा दाब जास्त चालतो असा माझा अनुभव आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला त्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच मिळतो. हा नियम आयकराच्या ४३बी कलमात आला, १ एप्रिल २०२४ पासून. तेव्हापासून फेब्रुवारीअखेर फोन उलटे यायला लागलेत: ‘मॅडम, तुमचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा, लेजर जुळवू.’ म्हणून प्रत्येक बिलावर उद्यम नंबर छापा. जीएसटीतही असंच आहे. इन्व्हॉइसपासून १८० दिवसांत तुम्हाला पैसे दिले नाहीत तर समोरच्याला घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. तुमचं जुनं बिल चार महिन्यांचं झालंय. दीडशेव्या दिवशी त्यांच्या अकाउंटंटला, मालकाला नव्हे, एक साधा मेल टाका की अमुक तारखेला १८० दिवस होतात. अकाउंटंटला ती तारीख कळते.

रिटेन्शन ५ टक्के म्हणजे ७२ हजार. ऑर्डरच्या मानानं लहान वाटतं, पण तुमच्या २ लाख ३० हजारांच्या नफ्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा वर्षभर दुसऱ्याच्या खिशात राहतो. निम्मं काम संपल्यावर सुटावं आणि निम्मं सहा महिन्यांनी, असं मागा. आणि ते ‘तुमच्या कामाच्या’ तारखेपासून, कारखान्याच्या पूर्ण प्रकल्पाच्या तारखेपासून नव्हे.

त्याहून मोठा चोर फायनल बिलात बसलेला असतो. लोखंड ठेकेदार देणार, म्हणजे शेवटी मटेरियलचा हिशेब जुळवा म्हणणार. आलेलं किती, बसवलं किती, तुकडे किती, स्क्रॅप कुणी उचललं. तेरा आठवड्यांनी हे कोणालाच आठवत नाही आणि डेबिट नोट फाडली जाते, म्हणजे तुमच्या पैशातून कपात. दर बिलाबरोबर त्या पंधरवड्याचा लोखंडाचा हिशेब सही करून घ्या, वेस्टेज किती टक्के मान्य हे ऑर्डरमध्ये लिहून घ्या, आणि स्क्रॅप गेटबाहेर गेलं की चलनाची प्रत ठेवा.

कामगारांचं बघा. बहुतेक गँगमध्ये शनिवारी खर्ची (उचल) आणि महिन्याला हिशेब अशी पद्धत असते. तुम्ही पूर्ण हजेरी दर आठवड्याला देत असाल तर खर्चीवर आल्यानं खड्डा थोडा उथळ होईल. पण महिन्याचा हिशेब ७ तारखेच्या पुढे ढकलून ठेकेदाराची उधारी कामगाराच्या अंगावर टाकू नका. चांगला वेल्डर एकदा शिरवळ-खंडाळ्याकडे गेला की परत येत नाही. आणि पावसाचे दोन आठवडे जादा धरा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुरानं रस्ते बंद झाले तेव्हा इरेक्शन (उभारणी) ठप्प होतं आणि खर्ची चालू होती.

बँकेचा भरवसा किती? सीसी लिमिट (बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा) काढायची तर आत्ता काढा, अडचण आल्यावर नाही. उलाढालीच्या अंदाजाच्या २० टक्क्यांपर्यंत लिमिट बसते, आणि गॅरंटी योजनेत तारणाशिवायही मिळू शकते. पण साधारण ९० दिवसांच्या पुढची येणी बँक ड्रॉइंग पॉवरमध्ये (उचलता येणाऱ्या रकमेत) धरत नाही. म्हणजे गिऱ्हाईक थकलं की लिमिटही तेव्हाच आटते. बिल वटवायचे ट्रेड्ससारखे प्लॅटफॉर्म मोठ्या कंपन्यांची बिलं असतील तर कामाचे. आपल्याकडचे मध्यम ठेकेदार त्यावर नसतात, तेव्हा त्यात वेळ घालवू नका. भिशी आहे, पण भिशी शनिवार निभावते, ६० टनांचं शेड नाही.

राहिली ती जुनी उधारी, आणि मला वाटतं तुम्हाला खरं तेच विचारायचं होतं. ‘नवीन सुरू करा, जुनं काढतो’ याचा अर्थ असा की जुन्याचे ३ लाख ८० हजार, तुमचेच पैसे, नवीन कामासाठी तुम्हाला गाजर म्हणून दाखवले जातायत. काम सुरू झाल्यावर जे पैसे येतील ते जुन्याच्या खात्यावर पडतील आणि नवीन थकेल. एकूण थकबाकी तेवढीच राहील किंवा वाढेल. मी दोन खाती वेगळी ठेवते. आधी जुन्याचा खातेउतारा द्यायचा आणि ‘बाकी बरोबर आहे’ म्हणून सही-शिक्का घ्यायचा. लेखी कबुली असली की वसुलीची तीन वर्षांची मुदतही त्या तारखेपासून नव्यानं सुरू होते. सही द्यायलाच जो टाळतो त्याचं नवीन काम घेऊ नये. इतका सोपा निकष दुसरा नाही.

काम चालू असताना आमचा नियम असा की दोन बिलं थकली की तिसऱ्याचं काम थांबवायचं, आणि ते आधीच ऑर्डरमध्ये लिहून ठेवायचं, म्हणजे थांबवताना भांडण वाटत नाही. थांबायची वेळही बघावी लागते. ट्रस जमिनीवर जोडून तयार आहेत आणि उचलायचे बाकी आहेत, तेव्हा तुमच्या शब्दाला वजन असतं. शीट चढली की तुमचा फोन उचलायचं कोणाला कारण राहत नाही.

तुमच्या जागी मी असते तर सोमवारी त्यांच्या ऑफिसला दोन कागद घेऊन गेले असते. एकावर जुन्या बाकीचा खातेउतारा, सहीसाठी. दुसऱ्यावर दोन दर: १० टक्के अॅडव्हान्स आणि पंधरवड्याच्या बिलावर २१ दिवस असतील तर २३ रुपये ५० पैसे, त्यांच्याच अटी हव्या असतील तर २७, आणि तेही सहा महिन्यांनी, माझ्याकडे भांडवल आल्यावर. ५० पैसे सोडले तर ६० टनांवर ३० हजार जातात. बाहेरून दोन टक्के महिन्यानं नऊ-दहा लाख उचलले तर दोन महिन्यांत त्याहून जास्त व्याज जातं, म्हणून ते मी हसत सोडते. जुन्यातले निदान निम्मे, १ लाख ९० हजार, खात्यावर जमा झाल्याचा बँकेचा मेसेज येईपर्यंत वेल्डिंग मशीन टेम्पोत चढवायचं नाही. चेक दाखवला तर तो वटेपर्यंत थांबा.